पिकअप असो की कार, ॲव्हरेज सांगताना रस्ता आणि वजनही सांगा

कादवाकाठ

राम राम मंडळी.

पिंपळगावच्या मार्केटात लिलावाला नंबर लागेपर्यंत गाडीवाल्यांच्या गप्पा चालतात आणि त्यात "तुझी किती देते?" हा प्रश्न हमखास येतो. एकाच कंपनीची, एकाच साली घेतलेली पिकअप एकाला नऊ देते आणि दुसऱ्याला पंधरा. दोघंही खरं सांगतात. एकाची गाडी टोमॅटो भरून घाट चढते, दुसऱ्याची ओझर ते नाशिक जवळजवळ खाली पळते. पण नवीन गाडी घेणारा पोरगा शेजारी उभा राहून "पंधरा" एवढंच ऐकतो आणि त्यावर हप्त्याचं गणित बसवतो. म्हणून हा धागा.

माझ्याकडे बीएस-६ डिझेल पिकअप आहे, पावणेदोन टनी. माझे आकडे असे. ओझरहून वाशीला भरून जाताना, वेग ६० ते ६५, लिटरला १२.७. तिथून रिकामी येताना १३.६. पुण्याला भरून, सिन्नर-संगमनेर मार्गे, चंदनापुरी घाट धरून ११. मार्केट, खताचं दुकान, शेत अशी गावातल्या गावात फिरली तर १० च्या वर जात नाही, आणि तेव्हा गाडीत फारसं वजनही नसतं.

मोजायची रीत सगळ्यांनी एकच ठेवू. त्याच पंपावर, शक्यतो त्याच मशीनवर टाकी फुल करायची, नॉझल पहिल्यांदा आपोआप बंद झाला की थांबायचं. पंपवाला रक्कम गोल करायला आणखी थोडं घालतो, ते घालू द्यायचं नाही. ट्रिप मीटर शून्य. पुढच्या वेळी परत तसंच फुल करून चाललेले किलोमीटर भागिले लिटर. एका टाकीवर भरवसा ठेवू नका. नॉझल कधी लवकर तुटतो, कधी उशिरा, त्यात लिटर-दोन लिटरचा फरक पडतो. सलग तीन-चार टाक्यांचं एकत्र गणित करा. डॅशबोर्डवरच्या आकड्याला मोजमाप समजू नका, तो बहुतेक गाड्यांत थोडा चढाच असतो.

आकड्यासोबत चार गोष्टी लिहा: वजन, रस्ता, वेग, एसी. वजन अंदाजाने नको, काट्याची पावती असेल तर उत्तम.

सातपूरकर

चांगला विषय काढलात दादा. मी गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात आहे, म्हणून कंपनीच्या आकड्याबद्दल थोडं सांगतो. शोरूममध्ये सांगतात तो आकडा रस्त्यावर मोजलेला नसतो. गाडी रोलरवर उभी करतात, चाकं फिरतात, गाडी जागेवरच. ठरलेल्या पद्धतीने वेग कमी-जास्त करतात, एसी बंद, आणि धुराड्यातून किती कार्बन बाहेर पडला त्यावरून इंधनाचा हिशोब काढतात. सगळी चाचणी वीस मिनिटांच्या आत संपते. वेग ९० च्या वर जात नाही आणि सरासरी ताशी तीसेकच पडते. त्यात कसारा घाट नाही, द्वारका चौक नाही, मागे कॅरेट नाहीत.

तरी तो आकडा खोटा म्हणू नका. सगळ्या गाड्यांची परीक्षा सारखीच असल्यामुळे दोन कारची तुलना करायला तो उपयोगी पडतो. स्विफ्टचा मॅन्युअलचा आकडा २४.८० आहे, म्हणजे कॉलेज रोडवर चोवीस मिळणार असं नाही. पण १८ दाखवणाऱ्या गाडीपेक्षा ती कमी पिणार, हे नक्की. पिकअपला मात्र तो आकडा फार कमी कामाचा, कारण पिकअप घेतातच मुळी वजन वाहायला.

गंगापूर_नाका

माझी पेट्रोल ऑटोमॅटिक कार आहे. घर ते शाळा, शाळा ते ऑफिस, संध्याकाळी क्लास आणि भाजी. एकेक फेरी तीन-चार किलोमीटरची, एसी कायम चालू. ॲव्हरेज ११. सर्व्हिसिंगला दोनदा सांगितलं तर "मॅडम, गाडी ओके आहे" एवढंच म्हणतात. कंपनीचा आकडा वीसच्या वर आहे. सिंहस्थाच्या कामांमुळे रस्ते खोदलेत हे कबूल, पण निम्मं?

सातपूरकर

ताई, तुमच्या वापरात ११ येऊ शकतं. थंड इंजिन सुरुवातीची काही मिनिटं जास्त पेट्रोल घेतं. तुमची फेरीच तीन-चार किलोमीटरची, म्हणजे इंजिन पुरतं तापायच्या आत तुम्ही पोहोचता आणि गाडी पुन्हा थंड होते. दुसरं म्हणजे सिग्नल. लहान पेट्रोल गाडी एसी लावून उभी असली तर तासाला पाऊण ते एक लिटर जातं आणि किलोमीटर शून्य. दिवसाला वीस मिनिटं अशी गेली तर महिन्याला सहा-सात लिटर नुसतं उभं राहण्यात गेलं.

गाडीत खरंच दोष आहे का ते पाहायचं असेल तर एका रविवारी पाथर्डी फाट्यावर टाकी फुल करा, धुळ्याच्या दिशेने चांदवडपर्यंत ८० च्या वेगाने जाऊन या, परत तिथेच फुल करा. सतरा-अठराच्या पुढे आलं तर गाडी ठणठणीत आहे. तिथेही बारा-तेराच आलं तर ब्रेक चाकाला धरतोय का, थर्मोस्टॅट आणि ऑक्सिजन सेन्सर नीट आहेत का, हे लेखी तक्रार देऊन तपासून घ्या. आणि जाण्याआधी टायरमधली हवा, गाडी थंड असताना.

खंबाळे_टू_भिवंडी

मी भाड्याची पिकअप चालवतो, रोजचा कसारा. आमच्यात सगळे घाट उतरताना गाडी न्यूट्रल करतात. इंजिन नुसतं गुणगुणतं, डिझेल वाचतं. यावर कोणी बोललंच नाही.

कादवाकाठ

भाऊ, बरं झालं काढलंत. ही सवय मोडावी असं मला फार मनापासून वाटतं.

आजच्या कोणत्याही डिझेल किंवा पेट्रोल इंजेक्शन गाडीत, गिअर पडलेला असताना ॲक्सिलरेटरवरून पाय काढला की इंजेक्टर इंधन देणं बंदच करतो. चाकं इंजिनाला फिरवतात. म्हणजे तिसऱ्या गिअरमध्ये घाट उतरताना डिझेल शून्य. न्यूट्रल केलं की इंजिन बंद पडू नये म्हणून त्याला आयडलिंगपुरतं डिझेल द्यावंच लागतं. वाचत काहीच नाही, उलट थोडं जास्त जातं. जुन्या यांत्रिक पंपाच्या गाड्यांच्या काळात ही सवय पडली आणि उस्तादाकडून क्लीनरकडे तशीच आली.

आणि तीन टनांची गाडी नुसत्या ब्रेकवर सोडायची म्हणजे काय, ते घाटाखाली कसाऱ्याला थांबून बघा. मागच्या ड्रमजवळ हात नेला तर धग लागते, लायनर जळाल्याचा तो तिखट वास येतो, पेडल मऊ होऊन खाली खाली जातं. काही जण त्यावर बाटलीने पाणी ओततात, भसकन वाफ निघते, आणि ड्रमला तडा जातो तो असाच. ज्या गिअरमध्ये घाट चढाल त्याच गिअरमध्ये उतरा. डिझेलही वाचेल आणि माणूसही.

खंबाळे_टू_भिवंडी

इंजेक्टर बंद होतो हे माहीत नव्हतं. मालकालाही हे वाचायला देतो, तोच सांगतो न्यूट्रल कर म्हणून.

अंबड_माल

माझं उलटं आहे. भिवंडीहून पत्रा भरून अंबडला आणतो, जाताना गाडी बहुतेक रिकामी. काट्यावर गाडीसकट ३ टन. चढताना ९.५ मिळतं, उतरताना १५. शेतकरी मंडळींची गाडीही तीच, त्यांना भरून १२.७ कसं? माझ्या ड्रायव्हरवर मी उगाच संशय घ्यायला लागलो होतो.

कादवाकाठ

संशय घेऊ नका, नाशिकची उंची घ्या हिशोबात. आपण समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटरवर, भिवंडी-वाशी जवळजवळ समुद्राला लागून. तीन टन वजन ६०० मीटर वर न्यायला साधारण १७.६ मेगाज्यूल काम लागतं. एक लिटर डिझेलमध्ये ३६ मेगाज्यूलच्या आसपास ऊर्जा, त्यातली तिसरा हिस्सा चाकापर्यंत पोहोचते असं धरा, म्हणजे १२. दीड लिटर डिझेल निव्वळ उंची चढण्यात गेलं, रस्ता कितीही गुळगुळीत असू दे. कारलाही हे सुटत नाही. माणसांसकट १४०० किलोची पेट्रोल गाडी मुंबईहून नाशिकला येताना या चढापायी लिटरभर जास्त पिते.

आमचा माल खाली उतरतो आणि गाडी रिकामी होऊन वर येते. तुमचा माल वर चढतो. त्यामुळे आमची जाता-येता सरासरी तेराच्या आसपास आणि तुमची साडेअकरा-बारा, हे अगदी बरोबर जुळतं. म्हणून एका बाजूचं ॲव्हरेज कधी सांगूच नये. जाऊन-येऊन काढायचं.

समृद्धी_प्रवासी

५ जून २०२५ ला इगतपुरी-आमणे टप्पा सुरू झाल्यापासून मी कारने ठाण्याला समृद्धीवरून जातो. बोगद्यातून सरळ पलीकडे, कसारा घाटाची वळणं नाहीत, ट्रकमागे रखडणं नाही. वाटलं होतं ॲव्हरेज वाढेल. पूर्वी जुन्या रस्त्याने १९ मिळायचं, आता १५.५. गाडी तीच, टायर तेच. १२० ला क्रूझ लावून जातो.

सातपूरकर

>> १२० ला क्रूझ लावून जातो

उत्तर यातच आहे. हवेचा अडथळा वेगाच्या वर्गाने वाढतो. ८० वर जेवढा, त्याच्या सव्वादोन पट १२० वर. एकदा ९० ला क्रूझ लावून बघा. इगतपुरी ते आमणे ७६ किलोमीटरला १२० ने ३८ मिनिटं लागतात, ९० ने ५१. तेरा मिनिटांचा फरक आहे, पेट्रोलचा फरक मात्र दर खेपेला दिसेल. आणि त्या रस्त्यावर टायरची हवा कमी असेल तर पेट्रोलपेक्षा मोठं संकट आहे. सिमेंटचा रस्ता, ऊन आणि सलग वेग, टायर तापून फुटतो. निघण्याआधी हवा बघितल्याशिवाय समृद्धीवर जाऊ नये.

सटाणा_रोड

ई-२० चं काय? माझी गाडी २०१६ ची आहे. पूर्वी २० द्यायची, आता १५ देते. सगळे म्हणतात पेट्रोलमध्ये इथेनॉल घातल्यामुळे.

सातपूरकर

इथेनॉलने ॲव्हरेज कमी होतं हे खरंच आहे. एक लिटर पेट्रोलमध्ये ३२ मेगाज्यूल, इथेनॉलमध्ये २१. वीस टक्के मिसळलं की मिश्रणात २९.८ उरतात. शुद्ध पेट्रोलच्या तुलनेत सात टक्के कमी. पण आपण आधी शुद्ध पेट्रोल भरत नव्हतो, दहा टक्क्यांचं मिश्रण भरत होतो, त्याच्याशी तुलना केली तर फरक साडेतीन टक्के. पेट्रोलियम मंत्रालयाने ऑगस्ट २०२५ मध्ये सांगितलं ते ई-२० साठी जुळवलेल्या चारचाकींना १ ते २ टक्के घट आणि इतर गाड्यांना ३ ते ६ टक्के.

सहा टक्के धरले तरी वीसचे १८.८ होतात. पंधरा होत नाहीत. बाकीचे जवळजवळ चार किलोमीटर दुसरीकडे जातायत. प्लग, एअर फिल्टर, क्लच घसरणं, ब्रेक धरणं, हे बघून घ्या. रबरी पाइप आणि सीलही तपासा, २०१६ ची गाडी ई-२० साठी बनवलेली नाही. सगळा दोष इथेनॉलवर टाकला तर गाडीतला दोष तसाच राहील.

कादवाकाठ

यात एक भर. डिझेलवाल्यांनी ई-२० ची चिंता करू नये, ती भानगड पेट्रोलची. आपल्या बीएस-६ डिझेलला दुसरी काळजी आहे, डीपीएफची, म्हणजे धुरातली काजळी अडवणाऱ्या फिल्टरची. गाडी नुसती गावात दोन-दोन किलोमीटर फिरली की काजळी साठते आणि ती जाळायला गाडी जादा डिझेल घेते. आठवड्यातून एकदा तरी हायवेवर अर्धा तास सलग चालवा.

निफाड_मास्तर

मी गणित शिकवतो आणि वडिलोपार्जित शेती आहे, म्हणून दोन्ही अंगांनी लिहितो. "लिटरला किती किलोमीटर" हे माप फसवं आहे. कारचं ॲव्हरेज २० वरून २४ झालं तर आपण पेढे वाटू. पिकअपचं १० वरून १२ झालं तर म्हणू, दोनच वाढले. आता हजार किलोमीटरचा हिशोब करा. कारला आधी ५० लिटर लागत होते, आता ४१.७. वाचले ८.३. पिकअपला १०० लागत होते, आता ८३.३. वाचले १६.७. दुप्पट! कमी ॲव्हरेजच्या गाडीत एकेक किलोमीटर सुधारणं फार मोलाचं असतं. म्हणून पिकअपच्या टायरची हवा, एअर फिल्टर आणि वेग यांच्याकडे कारपेक्षा जास्त लक्ष द्यायला हवं. आपल्याकडे नेमकं उलटं चालतं. कार दर रविवारी धुतली जाते आणि पिकअपची हवा पंक्चर झाल्यावरच बघतात.

आता पुढचं. धागाकर्त्याचे आकडे घेतो. ओझर-वाशी १८५ किलोमीटरच्या आसपास. जाताना १४.६ लिटर, येताना १३.६, एकूण २८ च्या वर. वीस किलोची ६५ कॅरेट धरली तर एका कॅरेटमागे ४३० मिली डिझेल. तेच चार-साडेचार टनी ट्रकमध्ये २०० कॅरेट गेली आणि ट्रकने साडेसातचं "वाईट" ॲव्हरेज दिलं, तरी ३७० किलोमीटरला ४९ लिटर, म्हणजे कॅरेटमागे २५० मिलीच्या आत. साडेसात देणारी गाडी तेरा देणाऱ्या गाडीपेक्षा कमी इंधनात माल पोहोचवते. बांधाला बांध असलेल्या तीन शेतकऱ्यांनी माल एकत्र पाठवला तर जेवढं डिझेल वाचेल तेवढं कोणत्याही नवीन मॉडेलने वाचणार नाही.

अंबड_माल

मास्तर, हे कोणी असं मांडलंच नव्हतं. मी जाताना खाली जातो, तो १५ चा आकडा बघून खूश व्हायचो. खरं तर ते डिझेल सगळंच वाया. सिन्नरच्या एमआयडीसीतून भिवंडीला कायम माल जातो, रिटर्न भाडं शोधायला लागतो.

वणी_नांदुरी

फाळक्याबद्दल लिहायचं होतं. खाली पिकअपचा फाळका पाडून चालवलं तर हवा सरळ निघून जाते आणि ॲव्हरेज वाढतं असं आमच्याकडे म्हणतात. खरं का?

सातपूरकर

नाही. फाळका लावलेला असताना हौद्यात हवेचा एक गोळा फिरत अडकून राहतो आणि वरची हवा त्यावरून घसरून पुढे जाते. फाळका पाडला की तो गोळा मोडतो आणि अडथळा वाढतो. अमेरिकेतल्या मोठ्या पिकअपवर याचे प्रयोग झालेत, तिथेही हेच दिसलं. शिवाय पाडलेला फाळका मागच्या मोटारसायकलवाल्याला धोका. ताडपत्री मात्र घट्ट आवळा. फडफडणारी ताडपत्री आणि केबिनच्या वर चढवलेला माल, दोन्ही डिझेल खातात. कारवालेही, लग्नाहून आल्यावर टपावरचं कॅरियर काढून ठेवा.

देवळाली_कॅम्प

सीएनजीवाल्यांनो, किलोला किती ते लिहा, "सिलिंडरला किती" ते नको. ६० लिटरच्या सिलिंडरमध्ये कधी साडेआठ किलो बसतो, कधी सात. उन्हाळ्यात भरताना गॅस तापतो आणि २०० बारचं प्रेशर लवकर येतं, म्हणून कमी बसतो. त्यामुळे सिलिंडरमागे किलोमीटर घटतात आणि लोक म्हणतात ॲव्हरेज गेलं. बिल किलोवर असतं, तोट्यात काही गेलेलं नसतं. गाडी सुरू होताना पेट्रोलवर होते तेही मोजा, छोट्या फेऱ्यांत ते बरंच असतं. माझी कार गावात किलोला २३, पुणे रोडला २९. घाटात भरल्या गाडीने मी पेट्रोलवर टाकतो.

दिंडोरी_तालुका

सगळं वाचलं. मीच तो नवीन पिकअप घेणारा. द्राक्ष आणि टोमॅटो, वर्षातले पाच-सहा महिने काम, बाकी भाडं मिळेल ते. कादवाकाठ दादा, डिझेल घेऊ की सीएनजी? शोरूमवाला टेस्ट ड्राइव्ह देतोय, पेठ रोडला पाच किलोमीटर.

कादवाकाठ

पाच किलोमीटर खाली गाडी चालवून तुला सीटचा मऊपणा कळेल, बाकी काही नाही. असं कर. दोन्ही गाड्या असलेले दोघं जण शोध, दिंडोरीत मिळतील. त्यांना एका खेपेचं भाडं दे, स्वतःचा माल भर, काटा कर, आणि शेजारी बसून जा. एक खेप पिंपळगावची, एक वाशीची. टाकी फुल करून निघायचं, घरी परत आलास की फुल करायची. तुझ्या मालाला तुझ्या रस्त्यावर किती लागलं ते तुझ्या हातात येईल.

वाशीचं काम जास्त असेल तर माझा कल डिझेलकडे आहे. चढावर भरून ओढायचं असेल तेव्हा ताकद लागते, आणि सीएनजी पंपावर मध्यरात्री रांग लागली तर टोमॅटो थांबत नाही, सकाळचा बाजार गेला की भाव गेला. पिंपळगाव, नाशिक, गिरणारे एवढंच फिरायचं असेल आणि पंप वाटेवर असेल तर सीएनजी बिनधास्त घे.

आणि घेण्याआधी मास्तरांचं गणित शेजाऱ्यांना वाचून दाखव. वाशीला वर्षातून मोजक्याच खेपा असतील तर लांबचा माल एकत्र ट्रकने जाऊ दे, तुला लहान गाडी पुरेल आणि हप्ताही कमी बसेल. काट्याच्या पावत्या आणि आकडे इथे टाक, बघून सांगतो.